अक्काच्या खांद्यावरचा टॉवेल

"आत्या, आज झुंजीच्या पट्ट्या तूच बांध!" म्हणत नीलमने दोन्ही हात मालनच्या मांडीवर टाकले, आणि मालनची नजर दाराकडे गेली... पोरीच्या मागे, उंबऱ्याबाहेर, विशाल उभा होता! तिचा पाठचा भाऊ. नीलम बालवाडीत होती तेव्हापासून त्याने या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

आईमागे मालननेच त्याला वाढवलं. साकीनाक्याच्या प्लास्टिक कारखान्यात डबल पाळ्या करून त्याला दूध-अंडी पुरवली, त्यापायी स्वतःचं जमलेलं लग्न मोडलं, आणि तो पैसे घेऊन खेळणारा नामांकित बॉक्सर झाला तरी मुठींना पट्ट्या बांधायला त्याला अक्काच लागायची. काय मूठ होती ती! ठोसा निघालेला दिसायचाच नाही, समोरचा कोलमडलेला तेवढा दिसायचा... खांद्यावर टॉवेल टाकून कोपऱ्यात बसलेली मालन श्वास घ्यायची विसरायची. हे आपल्या घाटकोपरच्या टेकडीवरचं पोर?

किताबाच्या झुंजीतही तोच पुढे होता. शेवटच्या फेरीआधी तिने पाण्याची बाटली पुढे केली, त्याने हात लांबवला... आणि तो हात बाटलीशेजारी नुसत्या हवेवर मिटला! दुसऱ्या कुणाला ते दिसलं नाही. घंटा झाली, आणि मालनने टॉवेल रिंगणात फेकला. टॉवेल पडला की झुंज संपली, आपला माणूस हरला.

डोळ्यामागे इजा आहे, असं सांगून डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला. "एक फेरी, अक्का! एका फेरीसाठी जन्माचं मातेरं केलंस!" एवढंच बोलून त्याने दार लावून घेतलं होतं.

"पप्पा, आत या ना. चपला काय राखताय?" नीलम म्हणाली.

विशाल आत आला तो मालनच्या पायांशीच बसला.

"अक्का, मागच्या झुंजीत ही लटपटायला लागली. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. दिसत होतं गं मला... पण ती जिंकत होती! हातच उचलला नाही. पोटची पोर धाडकन पडली, तेव्हा कुठे..."

"कुठं लागलं गं?" मालन घाबरून नीलमचं डोकं चाचपू लागली.

"आता ठणठणीत आहे, आत्या. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलीय. पप्पांचंच रडणं थांबेना."

"तुझा सगळा जन्म त्या किताबात गेला होता, अक्का," विशाल म्हणाला. "तरी फेकलास... एवढं बळ आणलंस कुठून?"

"बळ कसलं रे? तुझा हात बाटली चाचपत होता, बाटली समोर असताना! मग मला किताब दिसलाच नाही."

विशालने मान वर केली. "हे कधी बोलली नाहीस!"

"दार लावून बसलेलास. दाराशी बोलू?"

तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. मग आपल्या खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढून त्याने बहिणीच्या खांद्यावर ठेवला. "आज कोपऱ्यात तू बस. फेकलास तर कुणी का म्हणून विचारणार नाही. मीसुद्धा नाही."

मालनने डोळे पुसले, पण त्या टॉवेलला नाही, पदराला. "नाक ओढू नकोस, मेल्या. पोरीची पट्टी सैल होईल."

संध्याकाळी मुलुंडच्या हॉलमध्ये घंटा वाजली. सगळे रिंगणाकडे बघत होते... विशाल मात्र आपल्या अक्काच्या हातांकडे बघत होता.