नऊ-चारची पोच

वारा सुटला आणि तिने छातीशी धरलेले सातही कागद भर रस्त्यात उडाले.

"आता तूच काय तो राहिला होतास!" तिने वाऱ्यालाच झापलं.

एक कागद सायकलच्या चाकात अडकता अडकता राहिला, दोन बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. समोरच्या फुटपाथवरून चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस खांद्यावरची पिशवी सावरत धावला. पायरीवरचे दोन तिने उचलले; वाकून, उड्या मारून त्याने बाकीचे पाच गोळा केले आणि धापा टाकत तिच्यापुढे आणून धरले. केस कपाळावर आलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एरवी तिला हसू आलं असतं. पण आज तिच्याकडे हसू शिल्लक नव्हतं.

कागद देता देता त्याची नजर वरच्या ओळीवर गेली. 'आपला मेल वाचला गेला. वेळ : सकाळी ९:०४.' दुसऱ्या कागदावरही तेच. तिसऱ्यावरही.

"सगळ्या... पोचपावत्याच आहेत?" त्याने विचारलं. आवाज जरा बसलेला होता.

"वाचा ना, तुम्हीही वाचा! वाचायला लोकांचं काय जातं?"

ती चित्रकार होती. कोणाच्या नोकरीत नाही, घरच्या खिडकीशी मांडलेल्या टेबलावर बसून पुस्तकांसाठी चित्रं काढायची. घरात तिला ठिणगी म्हणायचे, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नाव नव्हतं. या वेळी तिने मुलांसाठी पक्ष्यांचं अख्खं पुस्तक रंगवलं होतं. तिचं नाव मुखपृष्ठावर येणारं हे पहिलंच पुस्तक. चित्रं मंजूर झाली, पानं मांडून झाली, आणि एका संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना डोक्यावरून बगळा उडत गेला. मान आखडून, खांद्यात ओढून घेतलेली. तिच्या पायाखालची गच्चीच सरकली. एकोणिसाव्या पानावरच्या तिच्या बगळ्याची मान काठीसारखी सरळ होती. तसा करकोचा उडतो. बगळा नाही.

तिने ताबडतोब नवं चित्र काढून प्रकाशनसंस्थेला पाठवलं. 'पान एकोणीस. मान माझ्याकडून चुकली. नवं चित्र जोडलंय. मिळालं एवढंच कळवा.' आणि खाली वाचल्याची पोच मागितली. पोच आली. उत्तर नाही. दुसरा मेल... पोच. तिसरा... पोच. अकरा दिवसांत सात मेल, सात पोचा, आणि शब्द एकही नाही. फोन केला तर 'मेल करा' म्हणून बोळवण. पुस्तक आज दुपारी छापायला जाणार होतं.

"पोच मागणं म्हणजे दाराच्या फटीतून बघणं," असं तिची वहिनी म्हणायची. वहिनी कचेरीत नोकरीला होती. "पोच पाठवायची का विचारणारी ती चौकट पडद्यावर दिसली ना, की आम्हाला चिडच येते. आमच्यावर काय पहारा ठेवता?"

"आणि दार वाजवणाऱ्याला आतून नुसतं बघायचं आणि गप्प बसायचं, याला काय म्हणतात तुमच्या कचेरीत?" ठिणगीने विचारलं होतं. वहिनीने विषय बदलला होता.

हे सगळं तिने त्या अनोळखी माणसाला चालता चालता ऐकवलं, कारण तो तिच्याच दिशेने चालत होता आणि तिला कोणाला तरी ऐकवायचंच होतं.

"पण निदान वाचतो तरी..." तो चाचरत म्हणाला, "म्हणजे, जो कोण असेल तो."

"वाचून गप्प बसणारा न वाचणाऱ्यापेक्षा वाईट! न वाचणाऱ्याला माफ करता येतं. हा नऊ-चारवाला रोज ठरल्या वेळेला माझा जीव टांगणीला लावतो आणि कामाला लागतो. भेटू दे एकदा. सातही कागद त्याच्या टेबलावर आपटणार आहे."

"तो... वाईट माणूस नसेलही."

"तुम्हाला काय माहीत?"

ती इमारतीत शिरली. तोही शिरला. जिना चढली, तोही चढला. दुसऱ्या मजल्यावर तो म्हणाला, "एक मिनिट थांबता का? मला काही सांगायचंय—"

"कागद उचलल्याबद्दल आभार. पण मला घाई आहे."

तिसऱ्या मजल्यावर प्रकाशनसंस्थेचं दार होतं. तिने ते ढकललं आणि थेट संपादकबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. संपादकबाई वयाने मोठ्या, केस पांढरे, बोलणं धारदार.

"सात मेल!" ठिणगी म्हणाली. "अकरा दिवस! मिळालं म्हणायला किती वेळ लागतो हो बाई?"

"कसले मेल? मला तुमचा एकही मेल आलेला नाही."

तिने कागद आपटले. बाईंनी चष्मा लावला, एकेक कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. दोन आठवड्यांपूर्वी संस्थेने सगळ्यांच्या मेलसाठी एकच पेटी केली होती. एरवी बाई सकाळी साडेदहाला येत (आज छपाईमुळे लवकर आल्या होत्या) आणि ठळक अक्षरांतले, म्हणजे कोणी न उघडलेले, तेवढेच मेल उघडत. उघडलेला मेल म्हणजे निकालात निघालेला, असा त्यांचा हिशेब.

"आणि पान एकोणीसचं म्हणाल," बाई सावकाश म्हणाल्या, "तर तिथे काल मला भलतंच चित्र दिसलं. मंजूर केलेलं नव्हतं. मांडणीत घोटाळा झाला असं समजून मीच जुनं परत लावलं."

"भलतं नव्हतं ते! तेच बरोबर होतं!"

"मग आमचे हे मेल कोण उघडतं सकाळी नऊला?" बाईंनी सगळ्या खोलीला विचारलं.

दारातून आवाज आला.

"मी."

चौकड्यांचा शर्ट. पिशवी अजून खांद्यालाच होती.

तो तिथे पानांची मांडणी करायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन जिने हा माणूस आपल्याबरोबर चढला, आणि तोंडात मूग गिळून!

"चित्र मी पहिल्याच दिवशी बदललं होतं," तो म्हणाला. "बाहेरच्यांना उत्तर संपादकांनीच द्यायचं, हा इथला नियम आहे. मला वाटलं, बाईंनी दिलं असेल. नंतर कळलं की नाही दिलं... दोनदा सांगायला आलो, तर बाई फोनवर होत्या. मग पोच पाठवत राहिलो. म्हटलं, एवढ्याने तरी तुम्हाला समजेल की कोणीतरी वाचतंय."

"कोणीतरी!" ती किंचाळलीच. "मला कोणीतरी नको होतं, उत्तर हवं होतं!"

"तुमचं नंतर भांडा," संपादकबाई उठत म्हणाल्या. "आधी छापखान्याला फोन लाव."

पुढचा पाऊण तास तिने त्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या मानेकडे बघत काढला. छापखान्यात यंत्रावर चढायला निघालेलं पान थांबलं. नवं चित्र गेलं. तिकडून 'मिळालं' असा फोन आला तेव्हा ती जवळच्या स्टुलावर बसली. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

जिन्यात तो मागून धावत आला.

"मी ते कामासाठी उघडत नव्हतो," तो म्हणाला. "म्हणजे, पहिला उघडला कामासाठी. पण नंतर... तुमचे जुने मेलही वाचले मी. खंड्याच्या चित्राबरोबर तुम्ही लिहिलं होतंत, 'हा आज रागावलेला आलाय, माझ्यावर गेलाय.' घुबडाबद्दल लिहिलं होतंत. मला तुमचं लिहिणं आवडतं. सकाळी आल्या आल्या आधी तेच उघडायचो. आजवर कोणाचा मेल असा—"

"आवडतं?" ती दोन पायऱ्या परत वर आली. आता दोघांचे चेहरे समोरासमोर होते आणि त्याच्या चष्म्यात तिला स्वतःचा लाल झालेला चेहरा दिसत होता. "आवडतं, तर मग तसं लिहायचं! मनातल्या मनात आवडून माझ्या पदरात काय पडलं? अकरा रात्री मी त्या बगळ्याच्या मानेपायी तळमळले!"

"चुकलं माझं."

"हो, चुकलंच!"

ती तरातरा खाली उतरली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याचे डोळे तपकिरी आहेत. त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजून चार मिनिटांनी मेल आला. त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून. 'नमस्कार. मी नऊ-चारवाला. मला तुम्हाला भेटायचंय, पक्ष्यांबद्दल नाही, असंच. जमेल का?' आणि लगेच चौकट उघडली : समोरच्याने वाचल्याची पोच मागितली आहे. पाठवायची?

तिने चौकटीकडे बराच वेळ पाहिलं. मग 'हो' दाबलं. आणि उत्तर न देता ब्रश धुवायला गेली.

तिसऱ्या दिवशी दुसरा मेल. पोच गेली. पाचव्या दिवशी तिसरा, मग चौथा, पाचवा, सहावा. खिडकीशी बसून ती प्रत्येक मेल तीन-तीनदा वाचायची. एकदा तर हसू दाबताना वहिनीने तिला पकडलंच.

"अगं, उत्तर दे की बिचाऱ्याला! किती छळशील?"

"अकरा दिवस," ठिणगी म्हणाली. "एकही कमी नाही."

"आणि कंटाळून त्याने लिहायचंच सोडलं तर?"

दहाव्या दिवशी मेल आला नाही. नऊ-चार झाले, नऊ-दहा झाले, दहा वाजले. तिने सुतारपक्ष्याची चोच तीनदा खोडली. आपण कोणावर चिडलोय हेच तिला कळेना. साडेअकराला मेल आला. सातवा. त्यात नमस्कार नव्हता, आणि 'तुम्ही'सुद्धा नव्हतं.

'असं कोणी वागतं का? मी आठ वाजल्यापासून पेटी उघडून बसतो. काल दुसऱ्या एका सबंध पुस्तकाचे पानांचे आकडे उलटे लावले, बाईंनी सगळ्यांदेखत पाणउतारा केला. सगळं तुझ्यामुळे! नको असेन तर नको म्हण, पण काहीतरी म्हण!'

तिने पोच पाठवली.

अकराव्या दिवशी सकाळी घंटी वाजली. एकदा नाही, चारदा. तिने दार उघडलं. तो उभा होता. एका हातात सात कागद, दुसऱ्या हातात ताज्या शाईचा वास येणारं पुस्तक.

"वाचला! वाचला! वाचला!" एकेक कागद तिच्या पुढे नाचवत तो ओरडला. शेजारचं दार किलकिलं झालं. "सात! सातही वाचले! काय समजायचं माणसाने?"

"राग आला?" तिने विचारलं.

"आला!"

"किती?"

"रात्रभर झोपलो नाही, इतका!"

"कळलं ना आता?"

त्याचे खांदे खाली आले. मग त्याने पुस्तक पुढे केलं. "हे द्यायला आलो होतो खरं तर. पहिली प्रत."

तिने उंबऱ्यातच पान एकोणीस काढलं. बगळा उडत होता, मान खांद्यात ओढून, अगदी गच्चीवर दिसला तसा. ती पानावरून बोट फिरवत राहिली.

मग कानामागची पेन्सिल काढून तिने त्याच्या हातातले कागद घेतले आणि सगळ्यात वरच्यावर लिहिलं : मिळालं. वाचलं. हो.

त्याने वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"हे 'हो'... पहिल्या मेलला ना? भेटायचं विचारलं होतं, त्याला?"

"सातव्याला."

"सातव्यात तर मी नुसता ओरडलोय!"

"पहिल्या सहांत तू कोणालाही चाललं असतं असं लिहिलं होतंस. सातवा फक्त मला होता."

आतून वहिनीचा खोकला ऐकू आला, मुद्दाम काढलेला.

"कागदावर ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "पण... एकदा तोंडाने?"

"हो म्हटलं ना!" ठिणगी कडाडली, आणि त्याची बाही धरून त्याला घरात ओढलं. "का आता त्याचीही पोच हवी?"