बुंदीचे चांगले दिवस

पंचवटीतल्या जनावरांच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बुंदीला छातीशी धरून मी भिंतीला टेकले होते. तेवढ्यात मांजराची टोपली सावरत एक तरुण बाकावरून उठला.

"बसा ना. माझा बोका घाबरलाय, पण तुमच्याइतका नाही."

मला हसू आलं... आणि लगेच रडूही.

बुंदी, माझी कुत्री, चौदा वर्षांची. मूत्रपिंडं निकामी होत चाललेली. डॉक्टर म्हणाले, "रोज संध्याकाळी बघा. खाल्लं का, आपली आपण उठली का, कण्हते का, तुम्हाला पाहून शेपटी हलवली का... दिवस चांगला की वाईट, लिहून ठेवा. वाईट दिवस जास्त व्हायला लागले, की तिला त्रासातून सोडवायचं बघू."

बाहेर आले तेव्हा तो तरुण दारातच होता.

"मी खोटं लिहीन," त्या अनोळखी माणसाला मी म्हणाले. "रोज 'चांगला'च लिहीन."

"मग मी येऊन लिहितो," तो म्हणाला. "म्हणजे— चालत असेल तर."

त्याचं नाव स्वराज. सातपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा. पहिली पाळी सुटली की संध्याकाळी यायचा. आई चहा टाकायची. तो बुंदीच्या कानामागे खाजवायचा. "काय बुंदीताई, आज कसं काय?"

"तिलाच विचारता. मला कधी विचारलंत?"

"तुम्हाला विचारायला... धीर होत नाही."

पहिल्या आठवड्यात सहा दिवस चांगले. दुसऱ्यात चार. कॅलेंडरवर पेन टेकवताना तो थबकायचा आणि मला भीती वाटायची. बुंदीसाठी... आणि, सांगायला लाज वाटते, त्याच्यासाठीही. ती गेली की हा कशाला येईल?

"दोन घास खाल्ले ना तिनं! चांगला लिहा."

"तुम्ही बोटानं भरवलेत, आरोही," तो हळूच म्हणायचा.

चौथ्या आठवड्यात सलग पाच दिवस वाईट गेले. सहाव्या दिवशी बुंदी उठायला गेली, कोसळली आणि कण्हत राहिली. स्वराजनं पेन उचललंच नाही.

"तुम्ही सांगा."

"वाईट." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "मी तिला उगाच थांबवून ठेवलं, स्वराज. ती गेली की तुम्ही येणार नाही, म्हणून..."

आता हा उठून जाणार, असं मला वाटलं.

"त्या दुसऱ्या आठवड्यात," तो खाली बघत म्हणाला, "एक दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. मी 'चांगला' लिहिलं. याच भीतीनं."

मी बुंदीच्या पाठीवरून हात फिरवला.

"चुकलंच आपलं," मी म्हणाले. "आता नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुट्टी टाकून आला. दवाखान्यात बुंदीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझा हात तिच्या मानेवर, त्याचा माझ्या हातावर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तिनं एक लांब श्वास सोडला... बस्स.

घराच्या दारापाशी तो घुटमळला.

"उद्या येऊ?"

"ये," मी म्हणाले. पहिल्यांदाच— 'या' नाही, 'ये'.