प्रत्येक पोपटाची वेगळी यादी

"इथे कोणी बसलंय?"

मी मान वर केली नाही. "बस. फक्त टेबल हलवू नकोस. माझं डोकं आधीच हललंय."

तो हसला. बाहेर दक्षिणेचा वारा पाऊस आडवा मारत होता. क्यूबा स्ट्रीटवरच्या त्या कॅफेत एकच खुर्ची रिकामी होती... माझ्यासमोरची.

वेलिंग्टनच्या डोंगरावरल्या अभयारण्यात मी पोपट मोजते. 'काका' नावाच्या जातीचे, एकेचाळीस. कुठला कधी दिसला हे नोंदवायला मी स्वतःच पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. आणि तो प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगत होता, काल सगळे एकेचाळीस दिसले. काल मी एकच पाहिला होता!

"सोमवारी कोणाला शोधायचं ते यावरून ठरणार," मी म्हणाले. "एखादा खरंच हरवला असेल, तर... कळणारच नाही."

"बघू?" त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. "मी अनारू. मीही प्रोग्रॅमच लिहितो."

"लोसा. लॅपटॉपवर गळू नकोस."

तो मागे सरकला, मग मान तिरपी करून वाचू लागला. "हा तुझा क्लास. पोपट कसा असतो, एवढंच यात. त्यावरून बनलेला एकेक पोपट म्हणजे इन्स्टन्स. पण नोंदींची यादी तू क्लासमध्येच लिहिलीस. म्हणजे एकेचाळीस जणांत मिळून एकच यादी."

"म्हणून एकाचं लिहिलं की सगळ्यांचं होतं?"

"हो. पोपट तयार होताना प्रत्येकाला त्याची स्वतःची यादी दे."

"कर ना तूच."

"नाही. पोपट तुझे आहेत... तूच लिही."

मी यादीची ओळ उचलून खाली, पोपट तयार होतो तिथे ठेवली. वहीतल्या जुन्या नोंदी पुन्हा भरल्या. एकेचाळीस जणांपुढे आपापली शेवटची तारीख आली. पायात लाल-हिरव्या कड्या असलेली मादी एकोणीस दिवस कोणालाच दिसली नव्हती.

"पिल्लू होती तेव्हा तिच्या पायात कड्या मीच घातल्या होत्या," मी पुटपुटले.

त्याने पडद्यावरची ती तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाला, "उद्या सकाळी... मी येऊ?"

सकाळी ओल्या नेच्यांमधून चढताना तो तीनदा घसरला.

"तू माझ्या टाइपचा नाहीस हं," मी म्हटलं. "मला चढणारे आवडतात."

"आमच्या भाषेत, पायथनमध्ये, टाइप आधी जाहीर करायचा नसतो. एकाच नावात आज आकडा, उद्या शब्द. चालवल्यावर कळतं काय आहे ते."

"आणि भलतंच निघालं तर?"

"तर तेव्हाच कळतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "हाच तर तोटा आहे."

मला हसू आवरेना. तेवढ्यात वरून कर्कश शीळ आली. एक नर राटाच्या जुन्या झाडाकडे झेपावला, ढोलीच्या तोंडाशी थांबला. आतून चोच बाहेर आली, घास घेतला, मग एक पायही दिसला. लाल-हिरव्या कड्या!

"अंड्यांवर बसलीये," मी कुजबुजले. "हरवली नाहीये, अनारू... घरात आहे." आणि वेड्यासारखी रडायलाच लागले.

तो वाऱ्याच्या बाजूला येऊन मला आडोसा करून उभा राहिला.

खाली उतरताना मी हळूच विचारलं, "रविवारी काय करतोस?"

"काही नाही. का?"

"चर्चनंतर आमच्याकडे जेवायला ये, पोरिरुआला. नारळाच्या दुधातली अळूची पानं असतात. मावश्या असतात पाच. प्रश्न विचारतील."

"कसले प्रश्न?"

"सामोअन घरात मुलीने मुलगा जेवायला आणला की विचारतात... ते."

तो थबकला. "आधी किती जणांना विचारलेत?"

"कोणालाच नाही."

त्याने चिखलाचा हात पँटला पुसला. पुन्हा एकदा पुसला. मग माझा हात धरला... अगदी हळू, जणू ढोलीतल्या मादीला जाग येऊ नये अशा बेताने.

"तुझ्या आईला," तो घसा खाकरत म्हणाला, "काय आणलेलं आवडेल?"