पिवळा ठिपका कुठे गेला?

आई घाटातून परतली की आधी दोन्ही हात झटकते. मोटारसायकलचं हँडल इतकं थरथरतं की तिच्या बोटांना मुंग्या येतात. घाटातल्या वाऱ्यात ड्रोन भरकटतात, म्हणून वरच्या वाड्यांतल्या बाळांच्या लसी अजूनही तीच विजेच्या मोटारसायकलवरून पोहोचवते.

त्या संध्याकाळी ती पडवीत मटकन बसली. "शाल्मली, आज उतारावर ब्रेक नीट दाबताच येईना गं. बोटं बधिर झालेली. एखाद दिवस दरीत जाईन मी. सोडते हे काम."

मला रडूच आलं. आमचा यंत्रमानव खटपट्या पुढचं चाक पुन्हा पुन्हा संतुलित (सगळ्या बाजूंनी सारख्या वजनाचं) करत होता आणि ते पुन्हा पुन्हा बिघडत होतं.

"वजनं जागच्या जागी आहेत, तरी चाक असंतुलित आहे," खटपट्या म्हणाला. "मी दमलो आहे."

"तू कसला दमतोस?" आबा खेकसले. आबा म्हणजे आईचे वडील. जन्मभर त्यांनी उपग्रह बनवले, पण या चाकापुढे त्यांनीही हात टेकले होते.

"आबा, चाकाची एक बाजू जड असली की काय होतं?"

त्यांनी सुस्कारा सोडला. "ती बाजू फिरताना चाकाला आपल्याकडे ओढते. कधी वर, कधी खाली. म्हणून हँडल थरथरतं. मग आपण रिमवर (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या कड्यावर) जड बाजूच्या बरोबर समोर छोटं वजन चिकटवतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की चाक शांत."

मी कंटाळून चाकाकडे बघत बसले. टायरवर पिवळा ठिपका असतो, टायरची सगळ्यांत हलकी जागा दाखवणारा. हवा भरायच्या नळीपाशी रिम जरा जड असतो, म्हणून टायर बसवताना आबांनी ठिपका तिथेच आणला होता. आता तो भलतीकडेच होता.

"आबा, टायर रिमवर सरकलाय! त्याची जड बाजू दुसरीकडे गेली, आणि आपलं वजन जुन्याच जागी राहिलं!"

आबा ताडकन उठले. "उतारावर ब्रेक दाबला की रिम थांबायला बघतो, टायर पुढे जायला बघतो. पण घर्षण (घासताना होणारा अडथळा) त्याला धरून ठेवतं. सरकेल कसा?"

खटपट्याने टायर उतरवला. त्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून आबांनी हुंगलं आणि कपाळावर हात मारला. खोबरेल! आमच्याकडे करकरणारं दार, भेगाळलेली टाच, बोटात अडकलेली अंगठी, सगळ्यावर खोबरेल चोपडतात. टायर सहज चढावा म्हणून आबांनी त्यालाही चोपडलं होतं.

"साबणाचं पाणी लावायचं असतं," ते पुटपुटले. "ते वाळतं आणि रबर पुन्हा पकड घेतं. तेल वाळतच नाही. माझ्यामुळे माझी पोर दरीत गेली असती."

आम्ही सगळं पुसून काढलं. साबणाच्या पाण्याने टायर चढवला, हवा पूर्ण भरली, चाक पुन्हा संतुलित केलं. मी टायरपासून रिमपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. टायर सरकला तर रेघ तुटेल. मग पाणी वाळायला चाक रात्रभर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आई परतेपर्यंत आबा फाटकापाशीच उभे होते. मी आधी चाकाकडे धावले. रेघ अखंड होती.

"पुढच्या काळात चाकं स्वतःच सांगतील, टायर सरकलाय म्हणून," आबा म्हणाले. "तू बनव तसली."

आईने पडवीत बसून, हात न झटकताच हेल्मेट काढलं. "उद्या पलीकडच्या वाडीच्या लसीही मीच नेते," ती म्हणाली आणि बसल्या जागी झोपून गेली.