माता सभेला आलेला बाप

अंथुर्ण्याच्या अंगणवाडीत त्या दिवशी माता सभा होती. बायका आत बसल्या होत्या, उंबऱ्याशी चपलांचा ढीग पडला होता आणि त्या ढिगापलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत, एक माणूस मांडीवर मुलगी घेऊन एकटाच बसला होता.

स्वरूपा बारामतीहून स्कूटीवर आली होती. एका संस्थेच्या कामासाठी ती गावोगाव हिंडायची, लहान मुलांच्या वाढीबद्दल पालकांशी बोलायची. हेल्मेट काढता काढता तिनं विचारलं, "दादा, बाहेर का बसलात? हिची आई आत आहे का?"

"न्हाय." त्यानं मान वर केली. "माता सभा हाय म्हणं. मग आमी कुठं बसायचं?"

तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. स्वरूपाच्या लक्षात यायचं ते आलं. ती पुढं झाली आणि दार पुरतं उघडून उभी राहिली.

बायका सरकून बसल्या. कुणी पदर सावरला, कुणी हसू दाबलं. तो भिंतीला टेकून, अंग चोरून बसला. संदेश त्याचं नाव. घरच्या गाई, थोडा ऊस, थकलेली आई. बायको, राजलक्ष्मी, बाळंतपणानंतर ताप येऊन वारली, तेव्हा ही शिवन्या, त्याची शिवू, अजून डोळेसुद्धा नीट उघडत नव्हती. आता ती चालायला लागली होती. वजन चांगलं भरलं. केसांच्या दोन शेंड्या बांधलेल्या — एक उंच, दुसरी पार कानावर आलेली.

"ही वाकडी झालीय," स्वरूपा हळूच म्हणाली.

"एक बाजू जमती. दुसरीच्या वक्ताला ती पळती."

स्वरूपाला हसू आलं. त्यालाही आलं, आणि या वेळी ते डोळ्यांत उतरलं.

परत जाताना कालव्याच्या कडेनं गार वारा येत होता, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून रेंगाळत होत्या. स्वरूपाच्या मनातून ते वाक्य जाईना — मग आमी कुठं बसायचं? तिनं संस्थेत विषय काढला. आपण आईला सांगतो, आजीला सांगतो. बापाला कोण विचारतं? वाद झाले. शेवटी परवानगी मिळाली आणि अंथुर्ण्यात मारुतीच्या देवळापुढं, संध्याकाळचं दूध डेअरीला घालून झाल्यावर, बापांची बैठक भरू लागली.

पहिल्यांदा फक्त संदेश आला. "गाव येईल, मॅडम," तो म्हणाला. "आधी लांबून बघंल, मग येईल."

तसंच झालं. तरणे बाप पाराच्या कडेला बसू लागले, मग जवळ सरकले. एकदा म्हातारे गेणबा काठी टेकत आले आणि सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, "मी माझ्या पोरांस्नी कधी मांडीवर घेतलं न्हाय. वडलांसमोर लाज वाटायची. पोरं मोठी झाली... आता ती माझ्याजवळ बसत न्हाईत." त्या रात्री गावातल्या किती बापांनी निजलेल्या लेकरांच्या कपाळावरून हात फिरवला असेल, कोण जाणे.

बैठक संपली की संदेश स्कूटीपर्यंत सोडायला यायचा. शिवू त्याच्या खांद्यावर पेंगत असायची. बोलणं थोडंच व्हायचं. गाईचं, पावसाचं, शिवूच्या नव्या शब्दांचं. एका संध्याकाळी तो एकदम म्हणाला, "तुमी समद्यांना दादा म्हणता."

"हो. सवय आहे."

"मला न्हाय म्हणत. आता न्हाय म्हणत."

स्वरूपानं किल्ली लावली, पुन्हा काढली. "तुम्हाला... म्हणावंसं वाटत नाही."

साखर कारखान्याकडून मळीचा उग्र वास येत होता, आणि स्वरूपाला तो वाससुद्धा त्या दिवसापासून आवडू लागला.

मग एका बैठकीच्या दिवशी देवळापुढं संदेशच्या सासुरवाडीहून, पणदऱ्याहून, गाडी येऊन थांबली. संदेशचे सासरे मोहनराव उतरले, मागून सासू लीलाबाई. मोहनराव बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "शिवूला न्यायला आलोय. पोरीची जात. बाप्या माणूस कसा वाढवणार तिला?"

संदेशनं मुलीला घट्ट धरलं. "मामा, मी वाढवतोय की."

"आज वाढवतोस. उद्या दुसरी आणशील. मग माझ्या नातीला कोण विचारंल?"

गेणबा मध्ये पडले, बाकीचे बापही बोलू लागले. तो न्हाऊ घालतो, तो भरवतो, आम्ही रोज बघतो. मोहनरावांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगळे स्वरूपाकडं बघू लागले. बोलणं हेच तिचं काम होतं. ती उठली... आणि तिला कळलं, आपण आता जे बोलू त्यात आपलाही स्वार्थ असेल.

"मी नाही बोलणार," ती म्हणाली. "शिवूचा बाप इथं आहे. तो बोलेल."

संदेशनं तिच्याकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग सासऱ्यांकडं वळून तो म्हणाला, "मामा, शिवूला माझ्यापासनं तोडू नका. तुमास्नी भ्या दुसरीचं हाय ना? मी लगीन करणार न्हाय. देवाम्होरं बोलतोय."

मोहनराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. "शब्द हाय?"

"शब्द हाय."

गाडी शिवूला न घेताच परत गेली. लीलाबाई तेवढ्या काचेतून मागं वळून बघत होत्या. शिवूकडं, आणि मग स्वरूपाकडं.

स्कूटीशी दोघं उभी राहिली.

"तुमी रागावला?" त्यानं विचारलं.

"नाही." तिनं हेल्मेट हातात घेतलं. "मी गावोगाव सांगते ना, बाप हा असा हवा म्हणून. मग रागावू कशी?"

"मला तुमच्याशी... कायतरी बोलायचं हुतं. लई दिसांपासनं."

"आता नका बोलू. बोललात तर मला जाता येणार नाही."

ती गेली. पुढच्या महिन्यापासून तिनं अंथुर्णं दुसऱ्या कार्यकर्त्याकडं दिलं आणि स्वतः कळंबच्या बैठका मागून घेतल्या. बारामतीला वडील स्थळं आणत होते; ती एकेकाला नकार देत होती आणि कारण सांगत नव्हती. अंथुर्ण्याची बैठक चालू आहे, आता गावाच्या वतीनं संदेशच ती चालवतो, एवढं तिला त्या कार्यकर्त्याकडून कळायचं. त्यावर ती दिवस ढकलायची. ऊस तुटून गेला, मागं राहिलेल्या बुडख्यांना, खोडव्याला, फुटवे आले, पाऊस पडून गेला, आणि रानात पुन्हा ऊसतोडीचे कोयते वाजू लागले.

कळंबच्या बैठकीत एका संध्याकाळी मागच्या रांगेत एक फेटा दिसला. मोहनराव. शेजारी लीलाबाई, जमलेल्या बापांमध्ये एकट्याच बाई.

"मी बी बापच हाय," मोहनराव उठून म्हणाले. बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती. "माझी राजलक्ष्मी गेली. मी कुणाम्होरं रडलो न्हाय. बाप्यानं रडायचं नसतं, असं ऐकत आलो. मग त्या दुःखाचा राग झाला, आणि तो मी जावयावर काढला. दर महिन्याला पोरीला बघाया जातो. ती त्याच्या अंगावर खेळती, तो तिची वेणी घालतो... आणि सांजच्याला रस्त्याकडं बघत बसतो." ते थांबले. लीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "असा शब्द मी घ्यायला नको हुता."

ते खाली बसले आणि तोंड झाकून रडू लागले. शेजारच्या माणसानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बैठक संपली तेव्हा लीलाबाई तिच्याजवळ आल्या. "ह्यांनी कालच जाऊन जावयाला त्या शब्दातनं मोकळं केलंय, बाई. आमच्याबरूबर आलाय तो. भाईर उभा हाय. आत याया लाजतोय."

स्वरूपा बाहेर आली. संदेश रस्त्याच्या कडेला शिवूचा हात धरून उभा होता. वाळला होता थोडा. तिला बघून त्यानं शिवूला आजीकडं पाठवलं, आणि मग रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळेना.

"एक आधी सांगतो," तो म्हणाला. "माझी पोरगी सांभाळाया मला बायको नको. तिला मी सांभाळतो, हितनं पुढंबी सांभाळीन. मला... मला तुमी पायजे. नुसत्या तुमी."

स्वरूपाचे डोळे भरून आले, तिनं ते पुसले नाहीत.

"माझ्या बाबांना हेच सांगायला लागेल," ती म्हणाली. "असंच."

"कवा येऊ?"

"उद्या. सकाळचं दूध घालून झालं की या." ती थांबली, शिवूकडं बघितलं. "हिला घेऊन."