कोणासाठी रडून राहिले?

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. लोकांना पटवून सांगण्याची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. शिवारात धानकापणी चालू होती. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्यानंतर आम्हाला जी वसाहत मिळाली, तिथलं हे घर.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

मी हर्षा. भंडाऱ्याला एका शाळेत लिपिक आहे. गावी आई राहते, रत्नमाला तिचं नाव, आणि धाकटा भाऊ संघपाल. तो धरणात मासे धरतो. बाबा त्याच वर्षी उन्हाळ्यात गेले. अड्याळच्या बाजारात छातीत कळ आली, तिथेच बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

बाबांना सिनेमा पाहताना रडू यायचं. त्यातही एक जुना कौटुंबिक सिनेमा होता. त्यातली बाई आपलं दुखणं घरच्यांपासून लपवते, लेकीचं लग्न लावून देते आणि मग मरते. तो टीव्हीवर लागला की आजूबाजूच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. बाबा तर खांद्यावरचा दुपट्टा तोंडात धरून हुंदके द्यायचे.

आई मात्र शेजारी बसून लाखोळीची डाळ निवडायची. डोळे कोरडे.

बाबा गेले तेव्हाही ती रडली नाही. मातीच्या वेळी नाही, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नाही. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. डॉक्टर म्हणाले, यांना एकदा मोकळं रडू द्या. पण रडवायचं कसं? आम्ही समजावलं, बाबांचे फोटो दाखवले. मी तर एकदा तिच्या अंगावर ओरडले. ती डाळ निवडत राहिली.

शेवटी संघपालच म्हणाला, तो सिनेमा लावून पाहू. त्यानं रडू येत नाही असा माणूस नाही.

मी पेनड्राइव्हमध्ये सिनेमा आणला. आई खाटेवर बसली, डाळ निवडायचं सूप घेऊन. संघपाल दाराशी, मी खाली चटईवर. बाबांची प्लास्टिकची खुर्ची भिंतीजवळ. रिकामी.

सिनेमा सुरू झाला. लग्नाचा सीन आला. वरमाईची फजिती बघून संघपाल हसला. मीही हसले.

आणि तेवढ्यात...

कोणीतरी हुंदका दिला.

मला वाटलं, आई. मी वळून पाहिलं. तिचे डोळे कोरडे.

मला वाटलं, टीव्हीतला आवाज. मी आवाज बंद केला. पडद्यावर वऱ्हाडी मुकाट्याने नाचत होते...

हुंदके चालूच होते.

दाबलेले. कापड तोंडात धरल्यासारखे.

खुर्चीकडून येत होते.

आईनं मान वर केली नाही. डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाली, "लग्नाच्या सीनलेच सुरू होतेत ते. पुढं काय होते, त्याईले माईत रायते ना."

संघपालनं टीव्ही बंद केला. तो शेजारच्या घरात जाऊन आला, शिडी लावून छपरावर चढला. कोणी नाही. खाली उतरून तो माझ्यावरच चिडला.

"आपण बौद्ध लोकं, ताई. भुताखेताच्या गोष्टी कायले करतेस?"

"मी कुठं काही बोलले?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टीव्ही बंदच होता. आम्ही तिघं जेवत होतो. संघपाल कसलीतरी गंमत सांगत होता. किती महिन्यांनी आई जराशी हसली.

आणि खुर्चीकडून पुन्हा... तोच आवाज.

आता सिनेमा नव्हता. समोर आम्हीच होतो.

आईनं सांगितलेलं माझ्या डोक्यात फिरायला लागलं. पुढं काय होणार ते बाबांना माहीत असतं, म्हणून ते आधीच रडतात. मग आता काय माहीत आहे त्यांना? आमच्यापैकी कोणाचं?

विहारातल्या भंतेजींना बोलावलं. त्यांनी परित्राण पाठ केला. पाठ चालू असेपर्यंत घर शांत. ते फाटकाबाहेर पडले, आणि हुंदके सुरू. मी खुर्चीसमोर उभी राहून विचारलं, हात जोडून विचारलं, रागानं विचारलं. नुसतं रडणं. मला तर बाबांचाच राग आला. रडता येतं, मग बोलता का येत नाही?

मी संघपालला पाण्यात जाऊ नको म्हटलं. तो म्हणाला, मग खायचं काय? आम्ही इतकं भांडलो की आईनं हातातलं सूप खाली आपटलं आणि खुर्चीकडे वळली.

"अजी हर्षाचे बाबा, रडून राहिले तं नाव तरी सांगा ना. लेकरं भेऊन राहिले."

मग आम्हाला म्हणाली, "तुमी बाहेर जा. मले एकटीले विचारू द्या."

तिनं आतून कडी लावली. आम्ही अंगणात उभे राहिलो. आत तिचं हळू बोलणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

हुंदकेही थांबले.

दार उघडलं. आईचा पदर ओला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काई नाई."

त्यानंतर त्या घरात तो आवाज कधीच आला नाही. आम्हाला बरं वाटायला हवं होतं.

पण आई आता रडते.

संघपाल सांगतो, दिवसभर ती ठीक असते. तो पाण्यावर निघाला तरी काही नाही, उलट वेळेवर डबा भरून देते. जेवते, शेजारणींशी बोलते.

रडते ती मी गावी गेल्यावर. बसमधून उतरून मी अंगणात पाय ठेवते, आणि ती माझा चेहरा दोन्ही हातांत धरते...

मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, हृदय, सगळं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

गेल्या रविवारी मी तिचे हात झटकले. ओरडले, "आई, बाबांनी काय सांगितलं ते बोल. मला सांग."

तिनं डोळे पुसले. माझ्या केसांवरून हात फिरवला.

"जेवून घे आधी," म्हणाली. "तुह्या आवडीचं केलं आहे."