डबल अठराची पेटी

आधीच सांगतो, ही ऐकीव गोष्ट न्हाई. माझ्या अंगावर आलेली हाय. ज्याला थाप वाटंल त्यानं इथंच थांबावं. खाली येऊन 'भाऊ, कायपण' असं लिहायची गरज न्हाई.

आणि एक. तुमच्या पेजवर सगळ्यांची भुतं रात्री बारानंतर निघतात. माझ्या वाट्याला आलं ते भर दुपारी आलं. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर फोड यावा.

गेल्या साली, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. गाव परळी वैजनाथ. थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या जातात त्या रस्त्याला आमचं पत्र्याचं गोडाऊन हाय. माझं नाव बजरंग. मी आणि माझा धाकटा भाऊ सत्यम, आमी दोघं मिळून डीजेचा धंदा करतो.

धंद्याचं जरा सांगावं लागंल, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई.

लग्नात तुमच्या छातीत धडधडतं ना, तो बेस. तो अठरा इंची स्पीकरमधून निघतो. असल्या दोन स्पीकरची एक लाकडी पेटी, तिला आमी डबल अठरा म्हणतो. बारीक माणूस आत मुटकुळं करून मावंल एवढी मोठी.

आता खरा स्पीकर कोणता आन् नकली कोणता? स्टिकर बघून कळत न्हाई. स्टिकर कुठंबी छापून मिळतं. मागचं मॅग्नेट बघायचं. उचलून वजन बघायचं. मग कोनावर, म्हणजे समोरच्या त्या काळ्या कागदी पडद्यावर, दोन्ही तळवे ठेवायचे आणि सावकाश दाबायचं. सगळीकडून सारखं. आतली कॉइल घासत असंल तर बारीक खर्र ऐकू येतं. न्हाई आलं तर माल चोख. मी डोळे मिटून दाबतो. सत्यम चिडवायचा, "दादा, बाळाचं पोट बघायलास का?"

माझ्या खिशात एक छोटी चौकोनी बॅटरीबी कायम असती. तिची टोकं स्पीकरच्या मागच्या टोकांना टेकवली की कोन एकदा उडतो. धप्प. बाहेर उडाला तर वायर बरोबर, आत गेला तर उलटी. बस, एवढंच ध्यानात ठेवा.

ती पेटी आमी चकलांब्याच्या सोमेश्वरकडून सेकंडहँड घेतलती. त्यानं डीजे बंद केला होता. दोन्ही स्पीकर मी दाबून बघितले. एक नंबर माल.

"अण्णा, एवढा चोख माल कावून इकता?" मी इचारलं.

"आता वाजवू वाटत न्हाई," तो म्हणाला.

मी पुढं काही इचारलं न्हाई. चांगला स्पीकर दिसला की माझं डोकं चालायचं बंद होतं. घरचे सगळे मला त्यावरून बोलतात, आणि बरोबर बोलतात.

त्या दिवशी संध्याकाळी धर्मापुरीला हळद होती. पाचला गाडी निघायची. दुपारी नवी पेटी वाजवून बघितली, तर आतून आवाज आला...

खर्रर्र... खर्रर्र...

स्पीकर ठीक होते. पेटीच्या आतली आडवी पट्टी सुटली होती. पेटी मागून चिकटवून बंद केलेली. मग एकच रस्ता राहिला. पेटी उताणी पाडली, वरचा एक स्पीकर खोलून काढला आणि त्या भोकातून मी आत उतरलो.

आमच्या दोघांत जाणारा मीच. मी काडीपैलवान. सत्यमचं पोट तर पंगतीत त्याच्या आधी जाऊन बसतं.

आत जाताना त्याला बजावलं, "मी बाहेर आल्याबिगर स्पीकरला हात लावू नको."

"हां दादा."

तो दुसऱ्या पेट्यांवर गाणं लावून त्या तपासत बसला. मी आत मोबाईलचा टॉर्च लावला, कोपऱ्यात डोकं घातलं आणि पट्टीचे स्क्रू पिळायला लागलो. घामानं डोळे चुरचुरत होते. फेविकॉलचा आणि जुन्या लाकडाचा वास.

आणि मग...

उजेड गेला.

भोकातून येणारा उजेड. मला वाटलं सत्यम वाकून बघायलाय.

"सर बाजूला," मी म्हणलं.

वर काहीतरी जड टेकलं. मग बोल्ट आवळायची मशीन चालू झाली. घर्रर्र... घर्रर्र...

कसाबसा वळलो. डोळ्यापुढं वीतभरावर मॅग्नेट. स्पीकर परत बसवला होता. माझ्या डोक्यावर!

"ए सत्या! येडा झाला का बे? मी आत हाय!"

बाहेर गाणं जोरात. मी खालून दोन्ही हातांनी स्पीकर ढकलला. हलंना. वरून कोणीतरी अंगाचा सगळा भार टाकला होता. एक बोल्ट. दुसरा. तिसरा. एकेक आवळत गेला.

मग मशीन थांबली. गाणंबी बंद झालं. मला हायसं वाटलं. आता ऐकंल. सत्यमसाठी लई शिव्या तयार ठेवल्या होत्या.

"सत्या!" मी बोंबललो.

बाहेरून त्याचा आवाज आला. "दादा, पट्टी अजून खरखर करायली की."



हा दादा कुणाला म्हणतोय?

आणि मग...

"करू दे. हळद झाल्यावर बघू."

तो आवाज माझा होता.

माझाच. तसाच बसका. 'हळद' म्हणताना मी जसं ओढून म्हणतो तसं म्हणला. आईशप्पथ.

पेटीच्या कडेला हवेसाठी एक लांबट फट असती. उंदरं जाऊ नयेत म्हणून तिच्यावर जाळी मारलेली. मी त्या फटीला डोळा लावला. आधी नुसता गोडाऊनचा पत्रा दिसला. मग फटीवरून एक बाही गेली.

निळ्या चौकड्याची.

मी स्वतःच्या अंगाकडं बघितलं. मीबी तोच शर्ट घातला होता.

ओरडलो. लाथा मारल्या. जेवढा ओरडलो तेवढा सत्यम म्हणत राहिला, "लईच खरखरायलंय, दादा." माझी बोंब बाहेर जाईपर्यंत तिची खरखर होत होती.

मोबाईल! माझ्या ध्यानात आलं. सत्यमला फोन लावला. बाहेर त्याची रिंग वाजली.

"दादा, तुझ्याच नंबरवरून फोन यायलाय मला."

"खिशात दाबला गेला असंल. बघ उचलून."

त्यानं उचलला. मी रडत सांगितलं, "सत्या, मी पेटीत हाय, तुझ्यासंगं उभा हाय तो मी न्हाई."

"नुसती खरखर हाय," सत्यम म्हणाला. आणि फोन कट झाला.

मग मायला लावला. माय म्हणाली, "कोण हाय? बजरंगा, बोल की रे. खरखर करतंय निस्तं." मी बोलतच होतो. तिनं दोनदा हाका मारल्या आणि ठेवून दिला. तेवढ्यात उकाड्यानं तापून मोबाईल बंद पडला.

आता अंधार. वर ते मॅग्नेट, आणि फटीएवढा उजेड.

मला एकच गोष्ट कळत होती. पाच वाजता ही पेटी गाडीत चढणार. धर्मापुरीला लावली जाणार. आणि मग बेस सुटणार. तुमी पेटीच्या समोर दहा फुटांवर उभे राहता तर काळीज हलतं. मी आत होतो. माझे कान फुटले असते, छाती फुटली असती, आणि वरून नवरदेवाची मित्रमंडळी नाचत राहिली असती.

खिसे चाचपले. बॅटरी हाताला लागली.

स्पीकरच्या मागची टोकं बोटांनी शोधली आणि बॅटरी टेकवली.

धप्प.

"दादा! कोन उडाला!" सत्यम ओरडला. "वायर तर ॲम्प्लिफायरला लावलेलीच न्हाई!"

परत टेकवली. धप्प. धप्प. मी रडत होतो आणि हसतबी होतो. सत्यमला कळणार, वायर नसताना कोन उडत न्हाई, हे त्याला मीच शिकवलंय.

"सर, मी बघतो," माझा आवाज म्हणाला.

मग वरून कोनावर काहीतरी टेकलं...

दोन तळवे.

सावकाश दाबत आले. सगळीकडून सारखे. कोन खाली खाली आला आणि तसाच राहिला. मी बॅटरी लावली. कोन हलंना. परत लावली. हलंना. वरून त्यानं धरून ठेवला होता. कागदाच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला तो.

"काय न्हाई," तो म्हणाला. "माल चोख हाय. चल, उचल पेटी."

पेटी एका बाजूनं उचलली गेली. मी घसरून दुसऱ्या स्पीकरच्या मॅग्नेटवर आदळलो. डोकं फुटलं. पण त्या दणक्यानं मघाचा स्क्रूड्रायव्हर घरंगळत हाताशी आला.

कोणताबी डीजेवाला असला स्पीकर फाडणार न्हाई. बायको-पोराला जपत न्हाई एवढं आमी कोनाला जपतो. मी स्क्रूड्रायव्हर वर केला आणि मागच्या सांगाड्याच्या फटीतून कोनात खुपसला. कागद लई चिवट. खुपसला, फिरवला, परत खुपसला. उजेडाचा ठिपका दिसला. मग नखांनी ओढलं. नखं उचकटली. रक्तानं हात निसरडा झाला. शेवटी चार बोटं बाहेर गेली.

सत्यम असा किंचाळला की मी तसं किंचाळणं कधी ऐकलं नव्हतं. पेटी धाडकन खाली पडली.

"बघू नको तिकडं," माझा आवाज म्हणाला. "गाडी काढ. सत्या, ऐक माझं."

 मी फक्त बोटं हलवत राहिलो.

"दादा..." सत्यमचा आवाज फुटत होता. "रक्त यायलंय."

मशीन चालू झाली. घर्रर्र.

एकेक बोल्ट निघाला. स्पीकर बाजूला झाला आणि सत्यमनं माझ्या काखेत हात घालून मला वर ओढलं. गोडाऊनमधे दुसरं कोणी नव्हतं. शटर अर्धं उघडं. बाहेर राखेच्या गाड्या चाललेल्या.

मी उभा राहिलो आणि पहिली त्याच्या कानाखाली वाजवली. "मी आत असताना स्पीकर बसवलास?"

त्यानं गालाला हात लावला न्हाई. नुसता माझ्याकडं बघत होता. "तू बाहेर आलतास. मीच तुला हात देऊन वर ओढलं. तूच म्हणालास, बसव आता."

धर्मापुरीला आमी दुसऱ्याची गाडी पाठवली. पुढचे चार दिवस सत्यमनं मला घरी जाऊ दिलं न्हाई. हे काम राहिलंय, ते सोल्डरिंग करून टाक, असं काही ना काही निमित्त काढून गोडाऊनलाच ठेवलं. मला वाटलं, भ्यालाय बिचारा, सोबत हवी असंल.

चार दिवसांनी आमी दोघं चकलांब्याला सोमेश्वरच्या घरी गेलो. मी सगळं सांगितलं. मी सांगत असताना त्यानं माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाई. सगळं झाल्यावर सत्यमला इचारलं, "आत कोण गेलतं, आन् बाहेर कोण निघालं?"

 सोमेश्वर आत गेला आणि दार लावून घेतलं.

येताना गाडी सत्यम चालवत होता. गोडाऊनपुढं गाडी थांबवली आणि स्टेअरिंग धरूनच म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलंय."

"सांग की."

"मी बोल्ट खोलत होतो तवा तो पळाला न्हाई. शेवटचा बोल्ट निघंपर्यंत माझ्या मागंच उभा होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून रडत होता."

त्यानं चावी फिरवून गाडी बंद केली.

"म्हणाला, सत्या, तुला खोलायचंच असंल तर खोल. पण आतून जे निघंल त्याला मायजवळ नेऊ नको."

ह्याला आता वर्ष होत आलं. मी घरी गेलेलो न्हाई. माझं अंथरूण गोडाऊनमधेच हाय. दिवसभर लोकांचे स्पीकर दुरुस्त करतो. दिवस मावळला की सत्यम शटर ओढून बाहेरून कुलूप लावतो. सुरवातीला मी लई लाथा मारल्या शटरला, आयमाय काढली त्याची. आता मारत न्हाई. माय फोनवर बोलती, जेवलास का इचारती, रडती. पण घरी ये म्हणत न्हाई.

परवा मीच रडकुंडीला आलो. शटरच्या अलीकडून म्हणलं, "सत्या, खरं सांगतो रे, मीच तुझा दादा हाय."

पलीकडं डब्याचं झाकण वाजलं.

मग तो म्हणाला, "तोबी हेच म्हणला होता."

आणि शटरखालून जेवणाचा डबा आत सरकवला.